बांधावर आडवी लावलेली जीप

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपल्या सगळ्यांचे वडीलधारे हंबीरराव अण्णा, जे. पी. नगरहून एवढ्या गर्दीतून वाट काढत मल्लेश्वरमपर्यंत आलेले आजचे प्रमुख पाहुणे, निवृत्त प्राचार्य जयसिंगराव मोहिते सर. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत, आणि ज्या मघापासून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या आहेत, त्या आपल्या नुकत्याच निवृत्त झालेल्या इंजिनिअर भाग्यलक्ष्मी घाटगे, म्हणजे भाग्यक्का. मराठी मंडळाचे सर्व पदाधिकारी, माता-भगिनी, बंधू, आणि मागे खांबाच्या आड लपून बसलेले आमच्या खात्याचे ड्रायव्हर विश्वण्णा, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

माझं नाव चंदना कदम. राज्य सरकारच्या रस्ते खात्यात मी इंजिनिअर आहे आणि गेली कित्येक वर्षं भाग्यक्कांच्या हाताखाली काम करत आले. माझं मराठी घरातलं आहे. ऑफिसात कन्नड, घरी मराठी, आणि रस्त्यावर रोडरोलरच्या आवाजात हातवारे. तेव्हा बोलताना कुठे चुकले तर स्वल्प सांभाळून घ्या. पाच मिनिटांत आटप असं कार्यवाहांनी मला सांगितलं आहे. ते काही जमेलसं वाटत नाही, हे आधीच सांगते.

जयसिंगराव सर आत्ता फार सुंदर बोलले. अक्कांना त्यांनी 'निर्भय' म्हटलं. टाळ्याही पडल्या. सर, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून मला त्या एका शब्दापुरतं वेगळं बोलायचं आहे. अक्का निर्भय नाहीत. माझ्या ओळखीच्या माणसांमध्ये त्यांच्याइतकं घाबरणारं दुसरं कोणी नाही. पुलावर गाडी चढली की त्या बोलायच्या थांबतात. पावसाळ्यात फोन वाजला की त्यांचा चेहरा आधी उतरतो, मग त्या फोन उचलतात. बैठकीला जाण्याआधी त्यांचे हात गार पडतात. मी ते हात धरलेले आहेत, म्हणून सांगते. हसू नका. मी त्यांची थट्टा करत नाही.

आज मला जे सांगायचं आहे ते त्यांच्या भीतीबद्दलच आहे. पण त्याआधी रस्त्याबद्दल दोन शब्द सांगावे लागतील, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आपण घरासमोरच्या खड्ड्याला शिव्या देतो, म्हणजे सरकारला देतो. पण सरकार म्हणजे नेमकं कोण, हे कोणी विचारतं का? गावातला लहान रस्ता पंचायतीचा असतो. पंचायतीच्या खिशात मुरूम टाकण्याइतका पैसा निघतो, डांबराइतका निघत नाही. मग राज्य मदतीला येतं. तुम्ही गाडी घेता तेव्हा कर भरता, पेट्रोल भरताना कर भरता. तो राज्याच्या तिजोरीत जातो आणि तिथून अनुदान होऊन रस्त्यावर परत येतो. एखाद्या गावरस्त्यावर रहदारी फारच वाढली, तर राज्य तो आपल्या यादीत घेतं आणि मोठा करतं. हे चांगलंच आहे. आपल्या शहराच्या भोवतीची कितीतरी गावं या पैशामुळेच दवाखान्याशी आणि शाळेशी जोडली गेली. मी याच पैशावर पोट भरते, तेव्हा त्याला नावं ठेवणार नाही.

पण त्या पैशाला नाव असतं, बरं का. डांबरासाठी आलेला पैसा डांबरावरच घालायचा. गटारासाठी आलेला गटारावर. आणि मार्च संपायच्या आत घातला नाही तर तो आला तसा परत जातो. मग लोक विचारतात, आलेलं अनुदान परत घालवणारा इंजिनिअर कोण? अशा वेळी खाली काय आहे हे बघत बसायला कोणाला सवड असते?

के. आर. पुरमच्या पलीकडे केंपनकट्टे नावाचं गाव आहे. गावाच्या आधी मोठं तळं आहे आणि त्या तळ्याच्या मातीच्या बांधावरून गावात जायचा रस्ता आहे. पूर्वी तो बैलगाडीचा होता. मग तिकडे वसाहती झाल्या, कंपन्या झाल्या, आणि त्याच बांधावरून कंपन्यांच्या बसेस, पाण्याचे टँकर, शाळेच्या व्हॅन धावायला लागल्या. राज्याने रस्ता यादीत घेतला आणि अनुदान आलं. अक्का आणि मी त्या विभागात बदलून आलो, तेव्हा काम होऊन गेलेलं होतं. काळाभोर, गुळगुळीत रस्ता. कडेला पांढरे पट्टे. लोक तिथे लग्नाआधीचे फोटो काढायला यायचे.

बांधाच्या पोटातून एक जुनी दगडी मोरी जाते. तळ्याचं पाणी शेताला सोडायची ती वाट. आमच्याकडे तिला तूबु म्हणतात. शेतं गेली, प्लॉट पडले, मोरी तशीच राहिली. अक्कांनी आल्या आल्या विचारलं, "ही मोरी कोणी तपासली?" उत्तर मिळालं, "मॅडम, वरचा रस्ता आपला. बांध दुसऱ्या खात्याचा. अनुदान रस्त्याचं आहे." दुसऱ्या खात्याला विचारलं, तर ते म्हणाले, बांधावर वजन तुम्ही टाकलंत, तुम्हीच बघा. दोघांचंही म्हणणं नियमात बसत होतं. अक्का मात्र त्या रस्त्यावरून गेल्या की रात्री नीट जेवायच्या नाहीत, असं त्यांच्या घरून मला कळायचं.

मग तो ऑक्टोबर आला. परतीच्या पावसाने सगळी तळी भरून टाकली होती. तुम्हाला आठवत असेल, कित्येक वसाहतींत होड्या फिरल्या. त्या दिवशी दुपारी पाऊस थांबला होता. अक्का म्हणाल्या, "चंदना, केंपनकट्टेला जाऊन येऊ. मला बरं वाटत नाहीये." मी विचारलं, ताप आहे का? त्या म्हणाल्या, "ताप नाही. भीती वाटते."

विश्वण्णा जीप चालवत होते. बांधाच्या मध्यावर आल्यावर अक्का म्हणाल्या, थांबा. एका बाजूला तळं काठोकाठ, दुसऱ्या बाजूला खोल उतार, आणि उताराखाली घरं. मागून हॉर्न सुरू झाले. अक्का खाली उतरल्या आणि कडेच्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत राहिल्या. मीही बघितलं. पट्टा सरळ जात होता आणि एका जागी थोडासा खाली वाकला होता. कोणी दाखवल्याशिवाय दिसलाही नसता, इतकाच.

अक्कांनी साडी खोचली आणि चिखलातून उतार उतरायला लागल्या. मी मागे. खाली मोरीच्या तोंडाशी पाणी झिरपत होतं. आता, भरल्या तळ्याच्या बांधातून पाणी झिरपतंच, त्यात नवल नाही. स्वच्छ पाणी झिरपलं तर चालतं. अक्कांनी ते ओंजळीत घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. ओंजळीत लाल पाणी होतं.

"चंदना, हे पाणी बांध घेऊन चाललंय गं."

मी वर बघितलं. आमच्या डोक्यावरून, बांधावरून, एक भरलेली बस चालली होती. खिडकीत माणसं मोबाइल बघत होती.

आम्ही वर कशा आलो ते मला आठवत नाही. हातांनीच चढलो असणार, कारण नंतर माझ्या नखांत माती होती. अक्का विश्वण्णांना म्हणाल्या, "जीप पुढे घ्या, बांध संपला की रस्त्यावर आडवी लावा. गावाकडून एकही गाडी सोडू नका." आणि मला म्हणाल्या, "तू शहराच्या बाजूला पळ. ओढणी हलव. काहीही कर, पण थांबव."

विश्वण्णांनी विचारलं, "अक्का, रस्ता बंद करायची ऑर्डर?"

"ऑर्डर नाही. मी सांगते आहे."

"सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणून त्यांनी गाडी सुरू केली.

राज्याचा रस्ता असा कोणाला वाटलं म्हणून बंद करता येत नाही. त्याला वरून हुकूम लागतो, पोलिसांची सूचना लागते, पर्यायी मार्ग जाहीर करावा लागतो. हे अक्कांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी पळाले. मित्रहो, रोज ज्या रस्त्यावरून जातो तो पायाखाली पोकळ असेल असं मनात आल्यावर पळणं कसं असतं, ते मला सांगता येणार नाही. प्रत्येक पाऊल टाकताना वाटत होतं, आता जाईल. शेजारून टँकर गेला तेव्हा खालची जमीन हलली असं मला वाटलं. खरंच हलली की माझे पाय हलले, देव जाणे.

दोन्हीकडे गाड्या थांबल्या आणि थोड्याच वेळात आरडाओरडा सुरू झाला. माझ्या बाजूला कंपनीतली दोन मुलं होती, त्यांनी आपल्या मोटारसायकली आडव्या लावून मला मदत केली. त्यांची नावं मी विचारली नाहीत, याचं आजही वाईट वाटतं. अक्का पलीकडच्या टोकाला, जीपपाशी, फोनवर फोन करत होत्या. पोलिसांना, तळ्याच्या खात्याला, उताराखालच्या वसाहतीच्या अध्यक्षांना. "घरं रिकामी करा," असं त्या कोणाला तरी हात जोडून सांगत होत्या. फोनवरच्या माणसाला जोडलेले हात दिसत नाहीत, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं.

मग आमच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. अक्कांनी तो स्पीकरवर ठेवला होता, विश्वण्णांनी सगळं ऐकलं आणि मला सांगितलं.

"मॅडम, कोणाच्या अधिकारात बंद केलात? मला मंत्र्यांच्या ऑफिसातून फोन येताहेत. कारण काय लिहू मी?"

"सर, पाणी गढूळ येतंय. रस्ता वाकलाय. मला भीती वाटते."

"भीती हे काही तांत्रिक कारण नाही."

"मग सर, तुम्ही इथे या. माझ्या जागी उभे राहा आणि न भिता गाड्या सोडा. मी बाजूला होते."

साहेब म्हणाले, येतो.

ते येण्याआधी गावाकडून एक अँब्युलन्स आली. आत सोयराबाई होत्या. त्या आपल्यापैकीच, केंपनकट्टेत त्यांच्या सात पिढ्या गेल्या. त्यांना श्वास घेता येत नव्हता. बरोबर मुलगा अभिराज होता. दुसऱ्या वाटेने दवाखाना गाठायचा तर मोठा वळसा, आणि त्या वाटेवर पाणी चढलेलं. अभिराज जीपसमोर येऊन ओरडायला लागला. तो काय काय बोलला ते मी या व्यासपीठावरून सांगणार नाही. शेवटी म्हणाला, "माझ्या आईला काही झालं तर तुला सोडणार नाही, बाई!"

विश्वण्णा सांगतात, त्या क्षणी अक्का पांढऱ्याफटक पडल्या. विचार करा हो. गाडी सोडली आणि बांध खचला तर गाडीतली सगळी माणसं जाणार. गाडी अडवली आणि बाईचा श्वास थांबला तर तो अक्कांच्याच हातून थांबला. आणि बांधात खरंच काही नसेलच तर? सगळा त्यांच्या मनाचा खेळ असेल तर? हे सगळं त्यांच्या डोक्यात चाललं होतं, असं त्यांनी मला फार नंतर सांगितलं.

त्या अभिराजला म्हणाल्या, "गाडी जाणार नाही. आई जाईल. आपण उचलून नेऊ. तळ्याच्या बाजूने, एकामागे एक."

मला फोन आला. "चंदना, तुझ्या बाजूला एखादी मिनीबस रिकामी करून घे, तोंड शहराकडे करून उभी कर. आणि तू इकडे ये. सिलिंडर धरायला माणूस नाही. अँब्युलन्सचा पोरगा यायला तयार नाही, आणि त्याला मी जबरदस्ती करणार नाही."

मी "येते" म्हणाले. तोंडाने म्हणाले. पाय जागचे हलेनात. घरी माझी मुलगी शाळेतून आलेली असणार, तिला भूक लागली असणार, एवढंच डोक्यात येत होतं. कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "मॅडम, ठीक आहात ना?" आणि मी चालायला लागले. या वेळी पळाले नाही, पळायची हिंमतच नव्हती.

परत निघालो ते असे. सगळ्यांत पुढे अक्का, प्रत्येक पावलाला थांबून पायाने चाचपत. मग स्ट्रेचरची पुढची बाजू धरलेले विश्वण्णा, मागची बाजू धरलेला अभिराज, आणि तळ्याच्या बाजूच्या कडेवर, सिलिंडर छातीशी धरून मी. नळी ताणली जाऊ नये म्हणून मला स्ट्रेचरला खेटून चालावं लागत होतं. एका बाजूला हातभर अंतरावर पाणी. दोन्ही टोकांना शेकडो माणसं, आणि एकाएकी कोणी बोलेना. फक्त सोयराबाईंच्या श्वासाची घरघर. वाकलेल्या पट्ट्यासमोर आलो तेव्हा अक्का मागे न बघता म्हणाल्या, "इथे हळू. इथे कोणी बोलू नका." जणू काही आवाजानेही बांध खचला असता. अभिराजचे ओठ हलत होते, शिव्या संपून तो आता देवाचं नाव घेत होता.

सोयराबाई वाचल्या. त्या आज इथे आहेत, तिसऱ्या रांगेत, लेकाशेजारी. मघाशी चहाच्या वेळी त्या मला म्हणाल्या, "तुम्हाला वाटलं असेल मी बेशुद्ध आहे. मी आभाळ बघत होते पोरी. आणि पुढे चालणाऱ्या त्या बाईचे दात वाजत होते, ते मला ऐकू येत होते." जयसिंगराव सर, म्हणून मी तो शब्द खोडला. दात वाजत होते, आणि बाई पुढे चालत होती.

मिनीबस सोयराबाईंना घेऊन गेली आणि आमचं खरं हसं तिथून पुढे झालं. लोक म्हणाले, "तुम्ही सगळे चालत आलात! काही झालं का? मग आम्हाला का अडवता?" एकजण मोबाइलवर चित्रण करत अक्कांना विचारत होता, "मॅडम, किती मिळाले? दुसऱ्या रस्त्यावरच्या बिल्डरने दिले का?" मोटारसायकलवाले घुसायला लागले. अक्का दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. पाच फुटांची बाई. एका माणसाने त्यांना ढकललं, त्या पडल्या आणि उठून परत तिथेच उभ्या राहिल्या.

तेवढ्यात साहेब आले. संध्याकाळचं ऊन पडलं होतं, रस्ता छान चमकत होता. साहेबांनी रस्त्याकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं, आणि म्हणाले, "मॅडम, पेशंटला घेऊन तुम्ही स्वतः यावरून चालत आलात. आता मी वर काय सांगू? उघडा रस्ता." मला त्या माणसाला दोष द्यायचा नाही. त्या जागी दहापैकी नऊ जण हेच म्हणाले असते.

अक्का म्हणाल्या, "उघडते सर. पण आधी माझ्याबरोबर थोडं चालत या. विश्वण्णा, साहेबांच्या गाडीतली पहार घ्या."

तिघं पुढे गेले. विश्वण्णा रस्त्यावर पहार आपटत चालले होते. ठण्, ठण्, ठण् असा भरीव आवाज येत होता. वाकलेल्या पट्ट्याच्या अलीकडे तो आवाज बदलला. गर्दीत उभ्या असलेल्या आम्हालाही कळलं. रिकाम्या पिंपावर मारल्यासारखा. साहेबांनी पुढे टाकलेलं पाऊल हवेतच थांबवलं आणि मागे घेतलं. विश्वण्णांनी विचारलं, "सर, आणखी एक मारू?" साहेब म्हणाले, "नको. अय्यो, नको."

ते मागे वळले आणि आमच्यापर्यंत येतात तोच बांधाकडून एक वेगळाच आवाज आला. मोठा नव्हता. गोणी फाटून धान्य सांडावं तसा. उताराच्या बाजूची माती सरकली आणि मग जे दिसलं ते मी जन्मात विसरणार नाही. डांबराचा थर तसाच होता. अखंड, सरळ, पांढऱ्या पट्ट्यासकट. आणि त्याच्याखाली काही नव्हतं. घर मावेल एवढा अंधार होता. इतकं चांगलं काम झालं होतं वरचं, की ते आधाराशिवाय लटकत राहिलं होतं. मग ते मधोमध वाकलं आणि आत गेलं. मोटारसायकलवाल्यांपैकी एकजण खाली बसून लहान मुलासारखा रडायला लागला. अक्का उलटी करत होत्या.

पोलीस आले, तळ्याच्या खात्याची माणसं आली, सांडव्याची भिंत फोडून पाणी दुसरीकडे काढलं, वाळूच्या गोण्या पडल्या. खालची घरं रिकामी झाली होती. बांध फुटला नाही. कोणाचा जीव गेला नाही. म्हणून ती बातमीही झाली नाही. खड्ड्याचा फोटो एक दिवस आला, त्याखाली 'निकृष्ट काम' असं छापलं होतं.

आणि अक्कांना काय मिळालं? खुलासा मागवणारं पत्र. अधिकार नसताना राज्याचा रस्ता बंद का केला? ती चौकशी फार लांबली. बढतीची वेळ आली आणि गेली. चौकशीला जाण्याआधी प्रत्येक वेळी त्या सगळे कागद पुन्हा पुन्हा तपासायच्या. त्या मला विचारायच्या, "चंदना, नोकरी गेली तर?" मीही घाबरलेली. पण दर वेळी आत जाऊन त्या एकच मागणी करायच्या: बांध आणि रस्ता यांचा पैसा वेगळा करू नका, एकाच कामात धरा. साहेबांनी, त्याच साहेबांनी, शेवटी त्यांच्या बाजूने साक्ष दिली. चौकशी मिटली. आणि केंपनकट्टेचं नवं काम राज्याने मंजूर केलं तेव्हा त्यात मोरी, बांध आणि रस्ता एकत्र होते. आज तिथून बसेस जातात. अक्का अजूनही तिथे गाडीतून उतरतात आणि चालत जातात.

सरकारी ऑफिसात परवा त्यांचा निरोप झाला. शाल, श्रीफळ, दहा मिनिटं. कोणी बांधाचं नाव काढलं नाही. म्हणून आपल्या मंडळाने हा समारंभ केला, त्याबद्दल हंबीरराव अण्णांचे मनापासून आभार.

आता शेवटचं. अक्कांच्या खुर्चीचा तात्पुरता भार माझ्याकडे आला आहे. अभिनंदन करू नका, आधी ऐका. आज सकाळी मी होसकोटेकडच्या एका जिल्हा रस्त्यावर गेले होते. तिथे ओढ्यावर जुना दगडी पूल आहे. वर नवं डांबर टाकायला अनुदान आलेलं आहे, फक्त डांबराला. पुलाच्या एका खांबाखालचा दगड मला निखळल्यासारखा वाटला. वाटला, एवढंच. मला खात्री नाही. मी तो रस्ता बंद करून इथे आले आहे. दोन्हीकडे बॅरिकेड आहेत, आणि माझ्या पर्समधला फोन मघापासून थरथरतो आहे. कोणाचे फोन आहेत ते मला माहीत आहे. मी उचलले नाहीत. मला भीती वाटते आहे. मी चूक असेन याची वाटते, आणि बरोबर असेन याची त्याहून जास्त वाटते.

व्यासपीठावर चढण्याआधी मी हे अक्कांच्या कानात सांगितलं. वाटलं, त्या म्हणतील काळजी करू नको. त्यांनी विचारलं, "खालचं पाणी बघितलंस?" मी म्हटलं, हो, पण पुलाखालच्या अंधारात नीट दिसलं नाही. त्या म्हणाल्या, "मग कार्यक्रम झाला की जाऊ. मी येते."

मी म्हटलं, "अक्का, तुम्ही निवृत्त झालात. आता तुम्हाला तिथे काही अधिकार नाही."

त्या म्हणाल्या, "घाबरायला अधिकार कशाला लागतो?"

तेव्हा अध्यक्षमहाराज, तुमच्या परवानगीने उत्सवमूर्तींना आम्ही जेवणाआधीच घेऊन जातो आहोत. विश्वण्णा, तुम्ही खांबाआडून उठा आता, गाडी दाराशी आणा. सोयराबाई, अभिराज, आणि आपण सगळे इतका वेळ शांतपणे ऐकत बसलात, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात पाहुण्यांचा शब्द खोडला, वेळेची मर्यादा मोडली, आणि आनंदाच्या कार्यक्रमात तुम्हालाही थोडं घाबरवलं. या सगळ्याबद्दल मला उदार मनाने क्षमा करा.

चला अक्का. शाल अंगावर राहू द्या, बाहेर गार आहे.